परमुलखातला मातीचा वैद्य

(द्वितीय वर्ष, कला)

महात्मा गांधी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चरखा, मूठभर मीठ आणि हातातली काठी उभी राहते. पण या माणसाने ऐन उमेदीची वर्षे परमुलखात काढली होती. तिथे वकिली आणि सत्याग्रह करता करता ते लोकांच्या पोटावर मातीच्या पट्ट्या बांधत होते आणि मैल्याचे खड्डे खणत होते. त्यांच्या चरित्राची ही बाजू मला फार मोलाची वाटते. म्हणून आज तिच्याविषयीच लिहावे असे ठरवले.

१८९३ च्या मे महिन्यात गांधीजी एका व्यापारी पेढीच्या दाव्याच्या कामासाठी डरबनला उतरले. काम वर्षभराचे होते. मुक्काम मात्र १९१४ पर्यंत लांबला. मध्ये काही काळ मायदेशी येऊन गेले तेवढेच. तिथल्या गोऱ्यांचा हिंदी लोकांवर एक ठरलेला आरोप असे. हे लोक घाणेरडे राहतात, म्हणून यांना गावाबाहेर ठेवा, यांना हक्क देऊ नका. गांधीजींनी या आरोपाला दोन बाजूंनी उत्तर दिले. अस्वच्छतेचे निमित्त करून हक्क नाकारणे हा अन्याय आहे, असे सरकारला ठणकावले. आणि आपल्याच लोकांच्या दारोदार फिरून घर, अंगण, संडास स्वच्छ ठेवा म्हणून विनवले. हक्क मागायला पुढे होणारे लोक झाडू घ्यायची वेळ आली की मागे सरत. काही ठिकाणी त्यांचा अपमानही झाला.

याच काळात त्यांचा निसर्गोपचारांकडे ओढा वाढला. जोहान्सबर्गला त्यांना बद्धकोष्ठाचा आणि अधूनमधून डोकेदुखीचा त्रास होई. रेचके घेऊन ते कंटाळले होते. लुई कुन्हे आणि ॲडॉल्फ जुस्ट या दोन जर्मन लेखकांची पुस्तके त्यांच्या हाती आली. कुन्हेचा भर कटिस्नानावर, तर जुस्टचा मातीवर. स्वच्छ माती थंड पाण्यात कालवायची, पातळ फडक्यावर पसरायची आणि रात्री झोपताना पोटावर बांधायची, हा उपाय त्यांनी आधी स्वतःवर करून पाहिला. गुण आला, तेव्हा इतरांना सांगितला. मधमाशी डसली की ओली माती लावणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते. पण विलायतेत शिकलेल्या बॅरिस्टरने ते करावे, याचे नवल वाटतेच.

या उपचारांची खरी कसोटी १९०४ मध्ये लागली. जोहान्सबर्गजवळच्या एका सोन्याच्या खाणीत फुप्फुसाचा प्लेग फुटला आणि तेवीस हिंदी मजूर आजारी होऊन आपल्या वस्तीत परतले. ही वस्ती नगरपालिकेने ताब्यात घेतली होती, पण लोकांना दुसरी जागा दिली नव्हती आणि साफसफाईकडेही लक्ष दिले नव्हते. घाण साचली ती अशी, आणि बोल लागला तो राहणाऱ्यांना. गांधीजींच्या सहकाऱ्यांनी एका रिकाम्या घराचे कुलूप तोडून रोग्यांना तिथे नेले. पुढे नगरपालिकेने एक गोदाम आणि एक परिचारिका दिली. रोग्यांना ब्रँडी पाजावी असा आदेश होता. डॉक्टर गॉडफ्रे यांच्या संमतीने गांधीजींनी तीन रोग्यांना ब्रँडी न देता डोक्यावर आणि छातीवर मातीच्या पट्ट्या ठेवल्या. त्या तिघांपैकी दोघे वाचले. बाकीचे वीस जण गोदामातच गेले. सेवा करणारी परिचारिकाही प्लेगने गेली. नंतर ती सगळी वस्ती जाळून टाकण्यात आली आणि रहिवाशांना शहराबाहेर तंबूंत हलवले गेले.

तिघांतले दोघे वाचले म्हणून मातीने प्लेग बरा होतो, असे शास्त्र मानणार नाही. गांधीजींनीही तसा दावा केला नाही. त्यांची श्रद्धा मात्र वाढली. ही श्रद्धा कधी कधी हट्टापर्यंत जाई. कस्तुरबांची डरबनला शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्या अतिशय अशक्त होत्या. डॉक्टरांनी गोमांसाचा रस्सा देण्याचा आग्रह धरला. कस्तुरबांनी तो साफ नाकारला, आणि गांधीजींनी त्यांना पावसाच्या भुरभुरीत डॉक्टरांच्या घरून हलवून फिनिक्स आश्रमात नेले. स्टेशनपासून पुढे झोळीतून न्यावे लागले. जलोपचारांनी त्या हळूहळू सावरल्या. हा प्रसंग वाचताना माझ्या मनात आदराबरोबर भीतीही उभी राहिली. त्या सावरल्या नसत्या तर? तत्त्व आपले असते, पण जीव दुसऱ्याचाही पणाला लागतो.

फिनिक्स आश्रम १९०४ मध्ये डरबनपासून चौदा मैलांवर, शंभर एकरांत उभा राहिला होता. रस्किनचे एक पुस्तक आगगाडीच्या प्रवासात वाचून गांधीजींनी शेतीवर राहण्याचा निश्चय केला, त्याचे हे फळ. पुढे १९१० मध्ये हर्मन कॅलनबॅक या जर्मन ज्यू मित्राने सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची अकराशे एकर जमीन दिली. तीच टॉलस्टॉय फार्म. तिथे हजारभर फळझाडे होती. सांडपाणी बादल्यांत साठवून झाडांना घालीत. खरकटे आणि पालेभाज्यांचा कचरा खतात जाई. मैला खड्ड्यात टाकून त्यावर माती लोटीत, त्यामुळे ना दुर्गंधी ना माश्या; उलट शेताला सोनखत मिळे. स्वतःच्या कामासाठी शहरात जायचे तर पायी जायचे, असा नियम होता. लुटावन नावाच्या सत्तरीच्या म्हाताऱ्याचा जुनाट दमा गांधीजींनी इथेच आहार आणि स्नाने यांवर उतरवला. पण तो रात्री चोरून विडी ओढताना सापडला आणि ती सुटली तेव्हाच.

१९१३ मध्ये गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. मायदेशी परतल्यावरही हा ध्यास सुटला नाही. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर पुन्हा लिहिले आणि १९४६ मध्ये आपल्या उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले. पण त्याच पुण्यात १९२४ च्या जानेवारीत, येरवड्याचे कैदी असताना, आंत्रपुच्छाच्या दाहावर त्यांनी ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. डॉक्टरांवर इतकी टीका करणारा माणूस वेळ आली तेव्हा सुरीखाली गेला, हे मला त्यांच्या मोठेपणाचेच लक्षण वाटते.

मग आपण त्यांच्याकडून घ्यायचे काय? प्लेगवर आणि विषमज्वरावर आज औषधे आहेत. तिथे मातीची पट्टी बांधून बसणे हा आडमुठेपणा होईल. घेण्यासारखा आहे तो टॉलस्टॉय फार्मवरचा खड्डा. रोग शरीरात शिरण्याआधी तो अंगणात, गटारात, विहिरीच्या काठी तयार होतो, आणि आपली घाण आपणच मातीत पुरून तिचे सोने करायचे असते, हे त्यांनी परक्या देशात, हक्क हिरावलेल्या लोकांबरोबर राहून सिद्ध केले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण शोषखड्डे खणतो, तेव्हा दुपारी हात दुखू लागले की काहीजण झाडाखाली जाऊन बसतात. त्यांनी लक्षात ठेवावे, की असाच खड्डा एका बॅरिस्टरने आफ्रिकेच्या उन्हात खणला होता आणि तो शिबिर संपल्यावरही रोज साफ ठेवला होता.