तेजोमेघाचा अभ्यासक

हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृग नक्षत्र आकाशात शोभून दिसते. त्याच्या मध्यभागी एका ओळीत तीन ठळक तारे आहेत. त्यांना मृगाच्या पोटात शिरलेला बाण म्हणतात. या बाणाच्या थोडे दक्षिणेस निरखून पाहिले, तर धुक्याच्या पुंजक्यासारखा एक अंधुक ठिपका आढळतो. हाच मृगातील तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. वायू आणि धूलिकण यांच्या या प्रचंड ढगात आजही नवे तारे जन्मास येत आहेत. हा ढग प्रकाशतो कशाने, हे एके काळी मोठे गूढ होते. ते उकलण्यासाठी ज्या शास्त्रज्ञांनी परिश्रम केले, त्यांत पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला हे एक होत.

कावसजींचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते एम. ए. झाले व पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी शास्त्रीय कार्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. १८८४ साली कावसजी इंग्लंडला गेले व तेथील ज्योतिर्विदांशी त्यांनी विचारविनिमय केला. पुढे ते पुण्याच्या शास्त्र महाविद्यालयात आले. त्याच महाविद्यालयाच्या आवारात १८८८ साली महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिन येथील ग्रब यांच्या कारखान्यात तयार झालेली वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण तेथे बसविण्यात आली. त्या काळी हिंदुस्थानात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती.

या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून कावसजी ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करीत. लोलकातून सूर्यप्रकाश गेला की त्याचे सात रंग होतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. परंतु विरळ व तप्त वायूच्या प्रकाशाचे असे पृथक्करण केले, तर रंगांचा अखंड पट्टा दिसत नाही. काही ठराविक तेजस्वी रेषाच उमटतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या असतात. म्हणून रेषा पाहून द्रव्य ओळखता येते. १८६४ साली विल्यम हगिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने एका तेजोमेघाचा प्रकाश असा तपासला आणि त्यात अशाच रेषा आढळल्या. तेजोमेघ वायूचा आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र त्यातील सर्वांत ठळक अशी हिरवी रेषा कोणत्या द्रव्याची, हे कोणास सांगता येईना.

याच प्रश्नावर पुढे मोठा वाद माजला. सर्वत्र नावाजलेले शास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर यांचे मत असे, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून ती हिरवी रेषा मॅग्नेशियम धातूच्या प्रकाशपट्ट्याचा उरलेला अंश आहे. हगिन्स यांना हे मान्य नव्हते. लॉक्यर यांचे म्हणणे खरे असते, तर रेषेची एक कड रेखीव आणि दुसरी पुसट दिसली असती. तेव्हा वादाचा निकाल लागायचा, तर ती रेषा बारकाईने पाहणे हाच मार्ग होता. कावसजींनी पुण्याहून मृगातील तेजोमेघाचे वेध घेतले. ती रेषा सर्व परिस्थितीत दोन्ही बाजूंनी रेखीवच आहे, असे त्यांना आढळले. एका लहानशा वेधशाळेतील प्राध्यापकाने लॉक्यर यांच्यासारख्या थोर पंडिताच्या विरुद्ध साक्ष देणे ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु जे दिसले, तेच कावसजींनी लिहिले. १८९१ साली त्यांचे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील वेधांनीही मॅग्नेशियमचे मत खोटे ठरविले.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. लॉक्यर यांनी विजयदुर्ग येथे तळ दिला. कावसजींनी जेऊर हे गाव निवडले. अहमदनगर, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातील हे गाव. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे शास्त्रज्ञही तेथेच आले होते. सूर्य पूर्ण झाकला जाणार, तो अवघी दोन मिनिटे! तेवढ्या अवधीसाठी यंत्रे इतक्या दूर नेऊन मांडावयाची आणि एक ढग आडवा आला, की सारे श्रम वाया! सुदैवाने आकाश स्वच्छ राहिले आणि कावसजींना सूर्याच्या वातावरणाच्या वर्णपटाची छायाचित्रे मिळाली.

१९१२ साली कावसजी निवृत्त झाले. त्यांचे कार्य पुढे चालविणारा कोणी मिळाला नाही. वेधशाळा बंद झाली. तिची उपकरणे दक्षिणेतील कोडाईकॅनाल येथे पाठविण्यात आली. पुढे १९२७ साली आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या हिरव्या रेषेचे कोडे सोडविले. तेजोमेघात जन्मलेले तप्त तारे तीव्र असे अतिनील किरण फेकतात. त्या किरणांनी वायूच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते पुन्हा हायड्रोजनशी मिळाले, की तांबूस प्रकाश पडतो. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन मात्र हिरवी रेषा देतो. इतका विरळ वायू पृथ्वीवर आढळत नाही. म्हणून ती रेषा येथे कोणी ओळखली नव्हती. मॅग्नेशियमचा तिच्याशी संबंध नव्हता, हे कावसजींच्या हयातीतच निर्विवाद ठरले.

१९३८ साली कावसजी निवर्तले. ती रेषा कशाची आहे, हे त्यांना सांगता आले नव्हते. ती कशाची नाही, हे मात्र त्यांनी निर्भयपणे सांगितले. सत्य शोधण्याच्या कामी असे एक पाऊलही मोलाचे असते.