आर्तुरो टोस्कानिनी

पाश्चात्य संगीतात वाद्यवृंदाला मोठे स्थान आहे. व्हायोलिन, बासरी, तुतारी, नगारे अशी नाना वाद्ये घेऊन पुष्कळ वादक एकत्र बसतात. त्यांच्यासमोर एकजण हातात लहानशी छडी घेऊन उभा असतो. तो स्वतः कोणतेही वाद्य वाजवीत नाही. परंतु कोणी केव्हा वाजवावे आणि किती जलद वाजवावे, हे त्याच्या छडीच्या इशाऱ्यावर ठरते. हा वाद्यवृंदाचा संचालक होय. आर्तुरो टोस्कानिनी हे अशा संचालकांतील अग्रणी होते.

इटलीतील पार्मा या नगरात २५ मार्च १८६७ रोजी एका शिंप्याच्या घरी आर्तुरोचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी तो तेथील संगीतविद्यालयात दाखल झाला व चेलो हे तंतुवाद्य शिकला. त्याची दृष्टी अधू होती. परंतु स्मरणशक्ती अलौकिक होती. मोठमोठ्या रचनांचे स्वरलेखन तो मुखोद्गत करी.

१८८६ साली एका संगीतिका-मंडळीबरोबर तो ब्राझीलला गेला. रिओ द जानेरो येथे ३० जून रोजी ‘आईदा’ या संगीतिकेचा प्रयोग होता. ऐन वेळी मुख्य संचालक मंडळी सोडून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्यांना श्रोत्यांनी गोंगाट करून उभे राहू दिले नाही. तेव्हा सहकाऱ्यांच्या आग्रहावरून एकोणीस वर्षांचा आर्तुरो पुढे झाला. त्याने समोरची स्वरलेखनाची वही मिटली आणि सारा प्रयोग स्मरणाने पार पाडला. चिडलेले श्रोते टाळ्यांचा कडकडाट करू लागले!

पुढे मिलानचे सुप्रसिद्ध ला स्काला नाट्यगृह आणि न्यूयॉर्कचे वाद्यवृंद त्यांच्या संचालनाने गाजले. रचनाकाराने लिहिले तेच वाजले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. सरावात एखादा सूर चुकला, तर त्यांच्या संतापाला पारावार राहत नसे.

इटलीत मुसोलिनीची हुकूमशाही आली. १४ मे १९३१ रोजी बोलोन्या येथे एका दिवंगत संगीतकाराच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. तेथे सत्ताधारी पक्षाचे गीत वाजविण्यास टोस्कानिनींनी साफ नकार दिला. तेव्हा नाट्यगृहाबाहेर गुंडांनी चौसष्ट वर्षांच्या या कलावंताच्या तोंडावर प्रहार केले. तरीही ते नमले नाहीत. हुकूमशाही संपेपर्यंत इटलीत त्यांनी छडी उचलली नाही. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीतील मानाचे आमंत्रणही त्यांनी नाकारले. १९३६ साली मात्र निर्वासित ज्यू वादकांच्या नव्या वाद्यवृंदाचे संचालन करण्यासाठी ते तेल अवीवला गेले आणि त्याबद्दल त्यांनी कवडीही घेतली नाही.

महायुद्धात बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेले ला स्काला पुन्हा उभे राहिले, तेव्हा ११ मे १९४६ रोजी तेथील पहिल्या कार्यक्रमाचे संचालन करण्याचा मान टोस्कानिनींना मिळाला. पंधरा वर्षांनंतर मायभूमीला पुन्हा त्यांचे संगीत ऐकू आले.

४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये संचालन करीत असता, जिच्या बळावर त्यांची कला उभी होती, त्या स्मरणशक्तीने त्यांना क्षणभर दगा दिला. छडी थबकली. कार्यक्रम कसाबसा पूर्ण करून सत्याऐंशी वर्षांच्या टोस्कानिनींनी व्यासपीठाचा कायमचा निरोप घेतला. १६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या मिलान नगराने त्यांना कीर्ती दिली, तेथेच ते चिरविश्रांती घेत आहेत. ज्या हाताने शेकडो वादकांना एका सुरात आणले, तो हात अन्यायाच्या इशाऱ्यावर मात्र कधीच हलला नाही.