काळ्या चष्म्याआडचा माणूस

२०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॉन्टेरे येथे एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. मोटार १९६२ सालची, इटलीत बनलेली. नाव फेरारी २५० जीटीओ. बोली चढत गेली आणि अखेर ती मोटार सुमारे ४ कोटी ८४ लाख डॉलर्सना विकली गेली. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत होती अठरा हजार डॉलर्सच्या आसपास! घेणाऱ्याला नुसता पत्रा आणि इंजिन मिळाले नाही, एक संपूर्ण वंशावळ मिळाली. सांगाड्याचा क्रमांक ३४१३, इंजिन मूळचेच, गिअरबॉक्सही मूळचाच. ती कोणत्या शर्यतीत धावली, कोणी चालवली, कोणाकडून कोणाकडे गेली, सारे नोंदलेले आहे.

मी इतिहासाचा विद्यार्थी. मोटारीतले मला फारसे कळत नाही, पण कागदपत्रांचे मोल आमच्या विषयात आम्हांला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. म्हणूनच ही वंशावळ वाचल्यावर मोटारीपेक्षा ती घडवणाऱ्या माणसाविषयी मला अधिक कुतूहल वाटू लागले.

एन्झो फेरारीचा जन्म १८९८ च्या फेब्रुवारीत उत्तर इटलीतील मोदेना गावी झाला. वडिलांचा लोखंडकामाचा कारखाना होता. १९१६ साली वडील आणि थोरला भाऊ दोघेही गेले. पुढच्या वर्षी एन्झो सैन्यात गेला. तेथे त्याच्या वाट्याला खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले! गंभीर आजारपणामुळे सैन्यातूनही सुटका झाली. ना शिक्षण, ना पैसा, ना प्रकृती अशा अवस्थेत तो ट्यूरिनच्या फियाट कारखान्यात नोकरी मागायला गेला आणि नकार घेऊन परतला. त्या हिवाळ्यात एका बागेतल्या बाकावर बसून आपण रडलो होतो, ही आठवण त्याने आयुष्यभर जपली.

पुढे मिलानमध्ये त्याला मोटारी चालवून पाहण्याचे काम मिळाले. १९२० साली तो अल्फा रोमिओत गेला आणि शर्यतींत उतरला. १९२३ साली राव्हेन्नाजवळची एक शर्यत त्याने जिंकली. महायुद्धात मरण पावलेला वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याच्या आईवडिलांशी तेथूनच त्याचा परिचय झाला. बाराक्काच्या विमानावरचे उसळत्या घोड्याचे चिन्ह त्याच्या आईने एन्झोला वापरायला सुचवले. घोडा काळाच राहिला. त्यामागे एन्झोने मोदेना शहराचा पिवळा रंग दिला. जगभर ओळखले जाणारे ते चिन्ह मुळात एका मृत मुलाची आठवण आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

१९२९ साली त्याने स्वतःचा शर्यतसंघ काढला. १९३२ साली मुलगा दीनो जन्मला आणि एन्झोने स्वतः शर्यती चालवणे सोडले. अल्फा रोमिओशी बिनसल्यावर १९३९ साली तो बाहेर पडला. चार वर्षे स्वतःचे नाव मोटारीला द्यायचे नाही, अशी अट मान्य करून! युद्धकाळात कारखाना मारानेल्लोला हलला आणि त्यावर बॉम्बही पडले. तरी १९४७ साली बारा सिलिंडरांची, दीड लिटर इंजिनाची पहिली खरी फेरारी बाहेर पडली. मे महिन्यातल्या पहिल्या शर्यतीत ती आघाडीवर असतानाच बंद पडली. दोनच आठवड्यांनी रोममध्ये जिंकली. १९४९ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यतही जिंकली. इतर कारखानदार गाड्या खपाव्यात म्हणून शर्यतीत उतरत. हा गृहस्थ शर्यतीत उतरता यावे म्हणून गाड्या विकत असे.

परंतु या यशाची दुसरी बाजूही आहे. १९५५ साली दोन वेळचा जगज्जेता आस्कारी मोंझा येथे फेरारी चालवताना गेला. १९५६ च्या जूनमध्ये दीनो स्नायूंच्या असाध्य रोगाने गेला. वय अवघे २४. त्यानंतर एन्झो रोज सकाळी मुलाच्या थडग्यापाशी जाई आणि मग कारखान्यात येई. काळा चष्मा त्याच्या चेहऱ्याचाच भाग बनला.

पुढच्याच वर्षी, १२ मे १९५७ रोजी, मिल्ले मिलिया शर्यतीत ग्विदिझ्झोलो गावाजवळ त्याच्या एका गाडीचा टायर भर वेगात फुटला. चालक दे पोर्तागो, त्याचा सोबती नेल्सन आणि रस्त्याच्या कडेला उभे असलेले ९ प्रेक्षक मेले. त्या नऊंत पाच मुले होती. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९६१ साली तो निर्दोष सुटला. मधल्या १९५८ साली मुस्सो आणि कॉलिन्स गेले होते. सुटकेच्याच वर्षी मोंझाला फॉन ट्रिप्स आणि त्याच्यासोबत अनेक प्रेक्षक गेले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद मात्र फेरारीचेच होते.

लिलावातली ती मोटार याच काळातली. १९६१ च्या अखेरीस बरेचसे प्रमुख अभियंते कारखाना सोडून गेले आणि अर्धवट राहिलेले काम २६ वर्षांच्या फोर्गिएरीने पुरे केले. नियमानुसार अशा शंभर गाड्या बनवायला हव्या होत्या. ही जुन्याच गाडीची सुधारित आवृत्ती आहे, असे सांगून वेळ मारून नेली गेली. १९६४ पर्यंत तीन लिटर इंजिनाच्या अवघ्या ३६ गाड्या बनल्या. २०१९ साली बोलोन्याच्या न्यायालयाने या गाडीचे रूप ही कलाकृती असल्याचा निर्णय दिला. गंमत अशी, की खुद्द एन्झोला जुन्या गाड्यांचे कौतुक नव्हते. १९६१ च्या विजेत्या गाड्यांपैकी एकही मूळ गाडी आज शिल्लक नाही. कारखान्यानेच त्या मोडीत काढल्या.

१९६९ साली निम्मा कारखाना फियाटकडे गेला. पन्नास वर्षांपूर्वी दार लावून घेणारी हीच ती फियाट! शर्यतविभाग मात्र एन्झोने आपल्या हाती ठेवला. १४ ऑगस्ट १९८८ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. पुढच्याच महिन्यात मोंझाला फेरारी गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या.

मित्रहो, या माणसाला थोर म्हणावे की निष्ठुर, याचा निर्णय मला करता आलेला नाही. जिद्दीबद्दल त्याला मी मनापासून नमस्कार करतो. पण स्वतःच्या मुलाच्या थडग्यावरून उठून दुसऱ्यांच्या मुलांना शर्यतीवर पाठवताना त्या काळ्या चष्म्याआड काय चालत असेल, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. ३४१३ क्रमांकाच्या मोटारीचा प्रत्येक मालक कागदोपत्री सापडतो. ग्विदिझ्झोलोची ती पाच मुले अशा कोणत्याही मोटारीच्या वंशावळीत येत नाहीत. फेरारी या नावाचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यांच्यासाठीही एक पान राखून ठेवावे लागेल, एवढे मला निश्चित वाटते.