पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि खासगीचा हिशेब

बोरगाव मेघेतील आपल्या घरोघरी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची तसबीर भक्तिभावाने पुजली जाते. त्यांनी उभारलेल्या देवळांची व घाटांची नावे मुलांनाही मुखोद्गत असतात. परंतु ही धर्मकृत्ये कोणाच्या द्रव्यातून झाली, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. आमच्या मते या राज्ञीच्या थोरवीचे मर्म त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने धारातीर्थी पडले. सती जाण्यास निघालेल्या सुनेस सासरे मल्हारराव यांनी परावृत्त केले आणि दौलतीचा कारभार तिच्या हाती सोपविण्यास आरंभ केला. मल्हारराव १७६६ साली निवर्तले व पुत्र मालेराव १७६७ साली गेले. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घालून राघोबादादांना दौलतीवर चालून येण्यास उद्युक्त केले. बाईंनी फौज सज्ज केली आणि सरदारांकडे साहाय्य मागितले. ज्यांच्या राज्यात त्या काळी आपला वर्धा प्रांत मोडत होता, त्या नागपूरकर जानोजी भोसल्यांनीही राघोबादादांची बाजू घेतली नाही, ही गोष्ट आपण अभिमानाने स्मरावी. माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला.

पुढे अठ्ठावीस वर्षे महेश्वराहून त्यांनी राज्य केले. सैन्य तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार स्वतःकडे, अशी वाटणी होती. मोहिमांच्या खर्चावरून उभयतांत वारंवार खटके उडत. तरी हिशेब मागण्यात बाईंनी कधी संकोच केला नाही. होळकरांच्या घरी दौलत व खासगी अशा दोन थैल्या होत्या. खासगीचे उत्पन्न १७३४ साली सासू गौतमाबाई यांच्या नावे लावून दिलेले होते; ते पुढे अहिल्याबाईंकडे आले. काशीविश्वेश्वर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर येथील त्यांची कामे मुख्यतः या खासगीतून झाली. राज्याची तिजोरी प्रजेची आणि दानधर्म आपल्या वाट्यातून, हा भेद त्यांनी पाळला. निपुत्रिक विधवेचे द्रव्य सरकारजमा करून तिजोरी भरण्याचा मोहही त्यांना शिवला नाही.

घरच्या दुःखांस मात्र अंत नव्हता. जावई यशवंतराव फणसे यांच्या मृत्यूनंतर १७९१ साली कन्या मुक्ताबाई सती गेली. आईची विनवणी व्यर्थ ठरली. ज्या माउलीने स्वतः जगून राज्य राखले, तिला लेकीस राखता आले नाही. तरीही कारभार खंडला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेविला.

त्यांचे नाव २०१९ साली सोलापूर विद्यापीठास आणि २०२४ साली अहमदनगर जिल्ह्यास लाभले, हे उचितच झाले. परंतु नावाने ऋण फिटत नाही. समाजाच्या निधीतील पै-पैचा हिशेब सभेपुढे उघडा ठेवणे आणि आपल्या सुना-लेकींना कार्यकारिणीत नुसते स्थान नव्हे, तर खतावणी व अधिकार देणे, हीच तसबिरीपुढची खरी पूजा होय. मल्हाररावांनी सुनेवर विश्वास टाकला म्हणून एक राज्य तरले. तोच विश्वास आपल्या घरातील सुनेवर टाकण्याचे धैर्य आपणांस व्हावे, अशी आम्ही सर्व कुटुंबीयांस नम्र विनंती करितो.