जॉन बनियन
‘यात्रिकक्रमण’ या ग्रंथाचा मूळ कर्ता जॉन बनियन हा १६२८ साली इंग्लंडात बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी जन्मला. बापाप्रमाणे तोही फुटकी भांडी सांधीत असे, विद्या थोडकीच. अशा मनुष्याने परवान्यावाचून उपदेश करावा, राजमान्य उपासनेत दोष काढावा, हे अधिकाऱ्यांस रुचले नाही. त्याने आपली भांडी पाहावी, असे त्यांचे म्हणणे. १६६० साली त्यास धरले. उपदेश सोडण्याचे वचन देता तर तो सुटता. पण घरी आंधळी मुलगी मेरी होती. तिच्या आठवणीने त्याचे काळीज तुटे. खरी परीक्षा न्यायसभेत नव्हे, येथेच झाली, असे आम्हांस वाटते. वचन त्याने दिले नाही. बंदिशाळेत बुटांचे बंद करून तो कुटुंब पोशीत असे. बारा वर्षांनी, १६७२ साली, सुटल्यावर बेडफर्डातील एका कोठारात तो पुन्हा उपदेशास उभा राहिला.