बाळंभटदादांनी मागितलेली मुदत

ओपीडीत हल्ली एक तक्रार वारंवार येते. ज्या हाडावर आपण बसतो, नेमके तिथे, नितंबाच्या खाली खोलवर दुखते. मोटारसायकलवर दुखते, खुर्चीत दुखते, चढावर पळताना आणि शेतात वाकून काम करताना वाढते. कुणी त्याला सायटिका समजतो, कुणी मणक्याचा एमआरआय काढून आलेला असतो. तपासणीनंतर बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: आठवडाभरात बरे होईल ना? अशा वेळी मला आपल्याच जिल्ह्यातले बाळंभटदादा देवधर आठवतात.

निफाड तालुक्यातले गोदाकाठचे कोठुरे हे बाळंभटदादांचे गाव मानले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते वाढले आणि दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी व्यायामाचे गुरू झाले. त्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पुण्यात आले. पेशव्यांच्या पहिलवानांपैकी कुणीतरी आपल्याशी लढावे, असे आव्हान त्यांनी दिले. कुणी पुढे येईना. ते आव्हान स्वीकारले तरुण बाळंभटांनी. पण त्यांनी लगेच आखाड्यात उडी घेतली नाही. तयारीसाठी त्यांनी मुदत मागितली.

तिथून ते थेट वणीच्या गडावर आले. सप्तशृंगीची उपासना करताना मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरचे डाव शिकवले, अशी आख्यायिका आहे. खांबावर मेहनत करण्याची कल्पना मुळात जुनीच. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. बाळंभटदादांनी ती विस्मरणात गेलेली विद्या पुन्हा उभी केली. मुदत संपल्यावर ते पुण्याला परतले. त्यांनी अलीला चीत केले आणि गुलाबने लढण्याचा विचार सोडून दिला, असे परंपरा सांगते.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष दृष्टान्तापेक्षा त्या मुदतीकडे जाते. आव्हान आज आले म्हणून शरीर उद्या तयार होत नाही, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंना बैठकीच्या हाडाशी बांधणारी जाड दोरी म्हणजे त्यांचे वरचे टेंडन. स्नायू भराभर ताकद कमावतो, टेंडन मात्र सावकाश. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस मॅरेथॉनची नोंदणी करून एकदम चढ पळू लागतो, तेव्हा टेंडनची वीण बिघडते. मग येते दुखणे. ही सूज कमी प्रमाणात असते आणि झीज जास्त. म्हणून वेदनाशामक गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटते, पण दोरी मजबूत होत नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आरामही अनेकदा थोड्याच काळाचा असतो.

एक चूक मी स्वतः अनेक वर्षे केली. दुखते म्हणजे स्नायू आखडला असणार, असे समजून मी रुग्णांना ताण द्यायला सांगत असे. पाय सरळ ठेवून पुढे वाकल्यावर हे टेंडन हाडावर दाबले जाते आणि दुखणे चिघळते. पश्चिमोत्तानासन वाईट नाही, पण या दुखण्यात सुरुवातीला ते बाजूला ठेवावे. पूर्ण विश्रांतीही नको, कारण वापर थांबला की दोरी आणखी कमकुवत होते.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पायरीपायरीने वाढवलेला भार. आधी उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची आणि अर्धा-पाऊण मिनिट स्थिर धरायची. ते सोसले की एका पायावर, मग वजन घेऊन सावकाश. त्यानंतर कमरेतून वाकण्याचे व्यायाम, आणि धावणे व उड्या सगळ्यांत शेवटी. दुखणे दहापैकी तीनच्या आत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीइतकेच असले, तर व्यायाम योग्य मार्गावर आहे. बसताना मऊ गादी घ्यावी, मधूनमधून उठावे. याला साधारण तीन ते सहा महिने लागतात.

मात्र घसरल्यावर किंवा पळताना मागे काहीतरी तुटल्यासारखे वाटले, मांडी काळीनिळी पडली, तर थांबू नका. टेंडन हाडापासून सुटले असू शकते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. पाय बधिर होत असेल किंवा त्यातली ताकद जात असेल, तर मणकाही तपासायला हवा.

1818 मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव बिठूरला गेले आणि मल्लखांबाची विद्याही उत्तरेत पोहोचली. बाळंभटदादा आणि त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्यामुळे ती बनारसच्या आखाड्यांत रुजली. पुढे 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने ती जगापुढे दाखवली.

मल्लखांब हे या दुखण्यावरचे औषध नव्हे, दुखत्या पायाने खांबावर चढू नका. पण नाशिकच्या एखाद्या व्यायामशाळेत संध्याकाळी जरूर डोकावा. एरंडेल लावलेल्या खांबाला मांड्यांची पकड घालणारी मुले दिसतील. त्या पकडीतल्या एका मोठ्या स्नायूचा काही भाग याच बैठकीच्या हाडाला जोडलेला असतो. तिथे पहिल्या दिवशी कुणी दसरंग करत नाही. आधी साधी अढी, तीच पुन्हा पुन्हा, आणि गुरुजींनी सांगितल्यावर पुढचा डाव.

माझ्याकडे येणाऱ्यांनाही मी आता आधी हेच सांगतो: गोळी मी लिहून देईन, व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतील, मुदत मात्र तुम्ही द्यायची आहे.