'विद्यार्थी' नावाचा संख्याशास्त्रज्ञ : विल्यम गॉसेट



समजा, तुम्ही वर्गातल्या 10 मुलांना महिनाभर नव्या पद्धतीनं गणित शिकवलंत. आधीच्या आणि नंतरच्या चाचणीचे गुण ताडून पाहिले. कुणाचे 12 गुण वाढले, कुणाचे 2 कमी झाले. सरासरी वाढ निघाली 4 गुणांची आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा पसारा, निघाला 6 गुणांचा. आता पद्धत लागू पडली असं म्हणायचं का? की 10 मुलांवरून काही बोलणंच चूक?

नेमका हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाला पडला होता. त्याचं उत्तर आज जगभरातल्या महाविद्यालयांत शिकवलं जातं. जीवशास्त्र असो, मानसशास्त्र असो की शेतकी, संख्याशास्त्राच्या पहिल्याच वर्षी टी-चाचणी येते. पण ती कुणाची, हे विचारलं तर बरेच जण 'स्टुडंट'ची असं सांगून थांबतात. हा स्टुडंट म्हणजे विल्यम सीली गॉसेट.

गॉसेटचा जन्म 13 जून 1876 रोजी इंग्लंडमधल्या कँटरबरी इथं झाला. वडील सैन्यात, इंजिनिअरांच्या पलटणीत कर्नल होते. मुलालाही तिकडेच जायचं होतं, पण नजर अधू असल्यानं ते जमलं नाही. मग तो ऑक्सफर्डला गेला, गणित आणि रसायनशास्त्र शिकला, दोन्हींत पहिल्या वर्गात आला. 1899 मध्ये त्यानं नोकरी धरली ती आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या गिनेस कंपनीत. बिअरचा कारखाना म्हणून नाक मुरडू नका! हा कारखाना त्या काळी विज्ञान शिकलेल्या तरुणांना मुद्दाम कामावर घेत होता.

तिथलं काम कसं होतं? कोणत्या जातीची बार्ली जास्त पिकते, कोणत्या हॉप्सनं माल टिकतो, द्रवात यीस्टच्या पेशी किती आहेत, असे रोजचे प्रश्न. पण बार्लीचा प्रयोग म्हटला की पीक यायला वर्ष जायचं आणि हातात आकडे यायचे चार-सहा शेतांचे. त्या काळचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी होतं. शेकडो, हजारो नोंदी असतील तर घंटेच्या आकाराचा वक्र वापरा आणि अंदाज बांधा. चार नोंदींवरून काय करायचं, याचं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं.

1905 मध्ये गॉसेट त्या काळचे मोठे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांना जाऊन भेटला. पुढच्या वर्षी कंपनीनंच त्याला अभ्यासासाठी लंडनला, पिअरसन यांच्या प्रयोगशाळेत पाठवलं. पिअरसन यांच्याकडे मोठमोठे नमुने असायचे, त्यांना या छोट्या नमुन्यांच्या अडचणीचं फारसं अप्रूप नव्हतं. गॉसेट मात्र तिला चिकटून राहिला.

त्याला कळलेली गोष्ट अशी. नमुना छोटा असला की सरासरी तर डळमळीत असतेच, पण त्या डळमळीचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, आपण त्याच मूठभर आकड्यांतून काढतो. म्हणजे मोजायची पट्टीच कच्ची. मग खात्रीनं बोलण्यासाठी फरकही जास्त मोठा हवा. किती मोठा, ते नमुन्यात किती नोंदी आहेत यावर ठरतं. हे त्यानं गणितानं मांडलं आणि पडताळून पाहण्याची युक्ती अगदी शाळेत करण्याजोगी काढली. 3000 गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी यांची छापील आकडेवारी उपलब्ध होती. ती त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, तुकडे पिसले आणि चार-चारचे 750 गट केले. प्रत्येक गटाची सरासरी आणि पसारा काढला. संगणक नव्हता, सगळं हातानं! निकाल त्याच्या गणिताशी बऱ्यापैकी जुळला.

1908 मध्ये हा निबंध 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात आला, पण लेखकाच्या जागी गॉसेटचं नाव नव्हतं. धंद्यातली गुपितं बाहेर फुटू नयेत म्हणून कंपनी आपल्या माणसांना स्वतःच्या नावानं लिहू देत नसे. म्हणून त्यानं टोपणनाव घेतलं 'स्टुडंट', म्हणजे विद्यार्थी.

1912 मध्ये केंब्रिजच्या एका बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याच्या सूत्राची काटेकोर सिद्धता पाठवली. हा मुलगा म्हणजे रोनाल्ड फिशर. गॉसेटला ती सिद्धता नीटशी कळली नाही. ते त्यानं लपवलं नाही, सरळ पिअरसन यांच्याकडे पाठवून दिली. पुढे फिशर यांनीच या चाचणीला आजचं रूप दिलं आणि 1925 च्या आपल्या पुस्तकातून ती घरोघरच्या संशोधकांपर्यंत नेली. पिअरसन आणि फिशर यांचं आपसांत हाडवैर होतं. गॉसेटचं मात्र दोघांशीही जमायचं.

आता तुमच्या 10 मुलांकडे वळू या. 6 ला 10 च्या वर्गमुळानं भागा, सुमारे 1.9 येतात. ही सरासरीची प्रमाण त्रुटी. सरासरी वाढ 4, तिला 1.9 नं भागलं की 2.1 मिळतात. मोठ्या नमुन्याचा नियम लावला, तर 95 टक्के पातळीसाठी 1.96 पुरे असतात. म्हणजे तुम्ही पास! पण गॉसेटच्या वाटेनं गेलं तर 10 नोंदींसाठी 2.26 हवेत. म्हणजे अजून थांबायला हवं. नोंदी चारच असत्या तर 3.18 लागले असते. पद्धत वाईट आहे असं यातून सिद्ध होत नाही, एवढ्या पुराव्यावर ठाम बोलता येत नाही इतकंच.

तरीही गॉसेटच्या आयुष्यातली आपल्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे. 1930 मध्ये स्कॉटलंडच्या लॅनर्कशायर भागात शाळकरी मुलांवर दुधाचा प्रयोग झाला. 67 शाळा, 20000 मुलं. निम्म्यांना चार महिने रोज पाऊण पाइंट, म्हणजे सव्वाचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध, निम्म्यांना नाही. नमुना इतका प्रचंड, मग चूक होईलच कशी?

1931 मध्ये गॉसेटनं दाखवून दिलं. मुलं चिठ्ठ्या टाकून किंवा नावांच्या क्रमानं निवडायची होती, पण गट विषम वाटला तर शिक्षकांना अदलाबदलीची मुभा होती. शिक्षकाचा जीव तो! समोरच्या कृश मुलाच्या वाट्याला दूध यावं असं कुणाला वाटणार नाही? परिणामी दूध न मिळालेला गट सुरुवातीपासूनच उंचीनं आणि वजनानं सरस होता. शिवाय मुलांचं वजन कपड्यांसकट झालं, पहिलं फेब्रुवारीत, दुसरं जूनमध्ये. उन्हाळ्यात सुखवस्तू मुलांचे जाड कपडे उतरले, गरिबांच्या अंगावर मुळात उतरवण्यासारखं फारसं नव्हतं. म्हणजे वजनातला फरक दुधाचा किती आणि कपड्यांचा किती, हे सांगणं अवघड झालं. गॉसेटनं सुचवलं, एकसारख्या जुळ्यांच्या 50 जोड्या घ्या, नाणं उडवून एकाला दूध द्या. 20000 मुलांपेक्षा जास्त खात्रीचं उत्तर अगदी थोड्या खर्चात मिळेल.

त्या शिक्षकांची माया चूक नव्हती. पण मायेनं केलेली निवड आकड्यांत शिरली आणि प्रयोगाचं उत्तर गढूळ झालं. म्हणून टी काढण्याआधी स्वतःला विचारा: ती 10 मुलं मी निवडली कशी? हौसेनं पुढे आलेली, की चिठ्ठ्या टाकून?

गॉसेट शेवटपर्यंत त्याच कंपनीत राहिला. 1935 मध्ये तो लंडनच्या नव्या कारखान्याचं काम पाहायला गेला आणि 16 ऑक्टोबर 1937 रोजी, वयाच्या 61 व्या वर्षी वारला. बागकाम, सुतारकाम, होड्या बांधणं हे त्याचे छंद होते. त्याचं टोपणनाव मात्र चाचणीला कायमचं चिकटलं.

वर्गात एक तास एवढं करून पाहा. सगळ्या मुलांच्या उंच्या चिठ्ठ्यांवर लिहा, डब्यात घालून हलवा. प्रत्येक मुलाला चार चिठ्ठ्या काढून सरासरी काढू द्या आणि चिठ्ठ्या परत डब्यात टाका. सगळ्या सरासऱ्या फळ्यावर मांडा. एकाच वर्गाच्या सरासऱ्या इतक्या वेगवेगळ्या कशा, असं मुलं आपणहून विचारतील. त्या वेळी त्यांना गॉसेटची गोष्ट सांगा.